मेलेला ससा कुणी उचलायचा

सन २००२. मी छप्पन वर्षांचा होतो. शाळेच्या दाखल्यावरून चोपन्न होतात, पण त्यातलं जन्मसाल मास्तरनं माझ्या उंचीकडं बघून लिहिलं होतं. चौथीत शाळा सुटली. माझ्या लिहिण्यात कुणाला चुका दिसल्या तर त्यानं त्या आपल्याजवळ ठेवाव्यात. मी दुरुस्त करून घेणार नाही.

आमचा हिंगोली जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. एका तालुक्याच्या गावाबाहेर औषधांचं शिक्षण देणारं कॉलेज होतं. नाव लिहीत नाही. कॉलेजच्या पाठीमागं पत्र्याची एक लांब खोली होती, तिला सगळे ॲनिमल हाऊस म्हणायचे. उंदीर, गिनिपिग, ससे. मी त्यांचा माणूस. दाणापाणी करायचं, पिंजरे धुवायचे आणि पोरांना प्रयोगाच्या वेळी जनावर धरून द्यायचं. जनावरांजवळ माणूस पाहिजे म्हणून शेजारची खोली मला राहायला दिलेली. खोलीच्या दारात नळ होता. माझ्या बायकोच्या लेखी त्या नळाची किंमत माझ्यापेक्षा जास्त होती.

सात-आठ वर्षं मी रोजंदारीवर काढली. त्या साली मला कायम करायचं बोलणं निघालं. कायम झालो तर खोली राहणार, नळ राहणार. नाही झालो तर नवा माणूस घेणार, खोली त्याला देणार आणि आम्ही गावाकडं जायचं. इतकं सरळ होतं. आणि आडवं काय आलं, तर मेलेले ससे.

कामावर लागलो त्याच दिवशी मी तेव्हाच्या सरांना सांगितलं होतं, "सर, जिवंताचं सगळं करीन. हगलेलं काढीन, चावलं तर चावू देईन. पण मेलेलं उचलणार न्हाई." ते सर वयस्कर होते. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडं बघितलं, आणि काहून म्हणून विचारलं नाही. "ठीक आहे," म्हणाले. "ज्या विद्यार्थ्यानं प्रयोग केला तो उचलेल. शिक्षणातच येतं ते." तशी रीत पडली. उंदीर मेला की पोरं शेपटीला धरून बादलीत टाकायची, मागच्या खड्ड्यात नेऊन वर चुना घालायची. कुणाचा पोरगा कोण, कुणाची जात कोणती, हे त्या सरांनी बघितलं नाही. सगळ्यांनी उचललं. कुणाचा हात झडला नाही.

आता हे काहून, ते सांगतो. आमचं गाव हट्ट्याकडचं. माझ्या बापाकडं गावकी होती. गावात कुणाचं ढोर मेलं की सांगावा यायचा, बाप आणि चुलता दोर घेऊन निघायचे. ढोर ओढत शिवाराबाहेर न्यायचं, सोलायचं. त्याच्या बदल्यात सुगीला खळ्यावरची ज्वारी, तीही मालकाचं मन असेल तितकी. मी लहानपणी त्या ओढीच्या रेघा बघितल्या आहेत, गोठ्यापासून ओढ्यापर्यंत धुळीत गेलेल्या. गावातली माणसं रेघ ओलांडून जायची, तिच्यावर पाय पडू द्यायची नाहीत. ओढणारा तर त्या रेघेतच चालायचा.

मग आमच्या लोकांनी धर्म बदलला. बाप दीक्षा घेऊन घरी आला आणि त्यानं आढ्याचा दोर काढून चुलीत घातला. पुढं थोड्याच दिवसांत एका मोठ्या मालकाचा बैल मेला. सांगावा आला तेव्हा बाप दारात विळ्याला धार लावत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "बैल जिता असंल तर पाणी पाजाया येतो. मेला असंल तर ज्याचा त्यानं न्यावा." बैल तसाच पडून राहिला. वास आमच्या वस्तीपर्यंत आला. शेवटी मालकाच्याच माणसांनी तो गाडीला बांधून नेला. त्यानंतर आमच्या वस्तीला खळं बंद, मजुरी बंद आणि पाणीही बंद. आई नदीवरून पाणी आणायची. बाप ताठ राहिला, मरेपर्यंत ताठ. मी त्याचा मुलगा आहे आणि मला त्या गोष्टीची लाज कधी वाटली नाही.

तर ते वयस्कर सर निवृत्त झाले आणि नवे सर आले. तरणे, गोरेपान, बोलायला गोड. मला कधी अरे-तुरे केलं नाही. मामा म्हणायचे. पण आल्या आल्या त्यांनी एक गोष्ट बदलली. विद्यार्थ्यांनी मेलेली जनावरं उचलायची नाहीत म्हणाले. आपली पोरं उद्याचे शास्त्रज्ञ, त्यांनी हे काहून करायचं, त्याला कर्मचारी आहेत. कर्मचारी म्हणजे मी आणि एक शिपाई. शिपाई तांड्यावरचा, माझा दोस्त. वयानं लहान, तोंडानं मोठा. मी उचलत नाही म्हटल्यावर उंदीर त्याच्या गळ्यात पडले. तो वर्तमानपत्राचा कागद घेऊन यायचा, नाक दाबायचा, बादली खड्ड्याकडं न्यायचा, आणि येऊन माझ्या दारात बसायचा.

"मामा, चहा टाका. तुमचा उंदीर पोचवून आलो."

"माझा कसा? तुज्या सायबाचा हाय."

"सायबाचा उंदीर, मामाचा धर्म अन् माझा हात. लई न्याय हाय बघा."

माझी बायको त्याला चहा द्यायची आणि माझ्याकडं बघायची.

त्याच वर्षी ती पोरगी आली. शिरड शहापूरकडची, वरच्या पदवीला. बाप शाळामास्तर. पहिल्या दिवशी ॲनिमल हाऊसात आली, दार लोटून घेतलं, आणि आवाज बारीक करून मला आपल्यातला जय घातला.

"मोठ्यानं घाल की," मी म्हणालो.

"मामा, मला हितं दोन वर्षं काढायची हायत," ती म्हणाली.

मला राग आला होता. पण पोरगी कामाला वाघ होती. तिच्या बापाला छातीचं दुखणं निघालेलं. नांदेडला नेलं तर डॉक्टरनं सांगितलं, रक्ताच्या नळ्यांना आतून चरबी धरली आहे, नळ्या कडक झाल्या आहेत. तेव्हापासून हिच्या डोक्यात तेच. कयाधूच्या काठावर अर्जुनसादड्याची झाडं आहेत, त्याची साल जुन्या लोकांनी छातीसाठी वापरलेली. त्या सालीचा अर्क काढायचा आणि नळ्यांतली चरबी त्यानं खरंच कमी होते का ते सशांवर बघायचं, हा तिचा विषय.

दोन डझन ससे आले. पांढरे, लाल डोळ्यांचे. मी विचारलं, "सर, ह्यो घास खाणारा जीव. ह्याला चरबी काहून खाऊ घालायची?"

"म्हणूनच तर, मामा," सर म्हणाले. "त्याला ती पचत नाही. माणसाच्या नळ्यांत जे साठायला वर्षानुवर्षं लागतात, ते सशात काही महिन्यांत साठतं."

"म्हंजे ज्याला पचत न्हाई त्यालाच वाढायचं."

सर हसले. "तसंच समजा."

मी तसंच समजलो. आमच्या वस्तीत मी लहानपणी ह्या आजारानं कुणी मेलेलं बघितलं नाही. तेल दिव्यालाच पुरत नव्हतं, नळ्यांत कुठून बसणार. ज्यांच्या बसलं त्यांच्यासाठी हे घासखाऊ जीव बसवून आम्ही त्यांना तेल पाजत होतो. आता मला स्वतःला छातीचं दुखणं आहे आणि सकाळ-संध्याकाळ मी गोळी घेतो. तेव्हाचं माझं बोलणं मी तरीही मागं घेत नाही.

पिंजऱ्यांना चार रंगांच्या चिठ्ठ्या लावल्या. पांढऱ्या चिठ्ठीचे ससे नुसता दाणा आणि लसूणघास खाणार. बाकीच्यांच्या दाण्यात शेंगदाण्याच्या तेलात कालवलेली चरबीची भुकटी. त्यात लाल चिठ्ठीवाल्यांना औषध काहीच नाही, पिवळ्यांना बाजारातली गोळी आणि हिरव्यांना पोरीचा सालीचा अर्क. औषध रोज तोंडातून नळीनं द्यायचं. मी सशाला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरायचो, कान तेवढे मोकळे. पोरगी त्याच्या तोंडात लाकडी पट्टी आडवी धरायची आणि पट्टीच्या भोकातून बारीक नळी आत सोडायची. रक्त काढायचं कानाच्या शिरेतून. कान गरम फडक्यानं शेकला की शीर वर येते.

ससा ओरडत नाही. पण नीट धरला नाही तर मागच्या पायांनी अशी लाथ झाडतो की त्याच्याच लाथेनं त्याचं कंबरडं मोडतं. मला ते जनावर आवडायचं.

शिपाई खिडकीतून बघायचा. "मामा, ह्यो ससा कुणावाणी हाय सांगू?"

"नको सांगू."

"बायकोला विचारतो मग."

असे महिने गेले. लाल चिठ्ठीचे ससे सुस्तावले. हिरव्यांचं अंग जरा बरं वाटायचं. पोरगी विचारायची, "मामा, तुमाला काय वाटतं?" मी म्हणायचो, "आतलं मला काय दिसतं. कापल्यावर तुलाच दिसंल." कापायचं होतंच. नळी उघडी करून बघितल्याशिवाय ह्या कामाचा निकाल लागत नाही.

निकालाचा दिवस जवळ आला तेव्हा सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. मी बसलो.

"मामा, तुमचं कायम करायचं संस्थेपुढं ठेवलं आहे. मी स्वतः शब्द टाकला आहे."

"उपकार हायत, सर."

"एकच अडचण आहे. तुम्ही काम नाकारता असं कानावर गेलं आहे त्यांच्या. आता ससे कापायचे त्या दिवशी बाहेरचे परीक्षक येतायत, संस्थेचेही एक जण येतील. त्यांच्यासमोर तेवढं नीट होऊ द्या. ससे खड्ड्यात पोचवायचे, चुना घालायचा. विषय संपला."

"शिपायाला सांगा, सर."

"त्याच्या तांड्यावर ओरड झाली आहे. त्याच्या घरी देवदेवस्की असते. त्याला कसं सांगू?"

"अन् मला कसं सांगून राहिले?"

सर टेबलावर पुढं झुकले. मग अगदी समजुतीनं, माझ्या भल्याचं सांगावं तसं म्हणाले, "मामा, तुमच्या लोकांना त्याची सवय असते. किळस नसते. मी हे कमीपणानं म्हणत नाही, उलट कौतुकानं म्हणतो."

मी उठलो. खुर्ची होती तशी नीट सरकवून ठेवली. "सर," मी म्हणालो, "ती सवय माझ्या बापानं मोडली, तेव्हा तुमचा जन्म व्हायचा व्हता." आणि बाहेर आलो.

संध्याकाळी शिपाई दारात येऊन बसला. त्याला सगळं कळलं होतं, केबिनच्या बाहेर स्टुलावर तोच असतो.

"मामा, ससा म्हंजे काय बैल हाय का? खिशात मावतंय."

"मावतंय तर तुझ्या खिशात घाल."

"माझं सोडा. माझी तर नोकरी पक्की हाय. तुमची ऑर्डर निघून राहिली अन् तुमी सशासाठी अडून बसले."

"सशासाठी न्हाई."

"मंग बापासाठी. बाप बघाया येणार हाय का?"

"आला तर?" मी म्हणालो.

तो उठला. चहा अर्धा ठेवून गेला.

बायको नळाखाली भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला. म्हणाली, "तुमचा बाप मोठा माणूस व्हता. मला ठाऊक हाय. समदी वस्ती सांगती. पण पाणी माझ्या सासूनं आणलं. ते कुणी सांगत न्हाई."

"मंग काय करू? उचलू?"

"मी कुटं उचला म्हटलं. मी फक्त म्हटलं, पाणी तिनं आणलं." आणि नळ परत सोडला.

तो दिवस आला. परीक्षक आले, उंच, घारे, नाकाला रुमाल लावून बसले. संस्थेचे गृहस्थ व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले, त्यांच्यासोबत ऑफिसातली दोघं-तिघं. मी एकेक ससा पिंजऱ्यातून काढून आणायचो, टेबलावर धरायचो. पोरगी इंजेक्शन द्यायची. मी सशाच्या पाठीवर हात ठेवायचो. छाती वरखाली व्हायची थांबली की हात काढायचो आणि पुढचा आणायला जायचो. ही माझी हद्द होती आणि मी ती सकाळपासून पाळली. त्या दिवशी शिपाई मस्करी करत नव्हता.

पोरगी छाती उघडून मोठी नळी काढायची, उभी चिरायची, धुवायची आणि तांबड्या रंगात बुडवायची. जिथं चरबी बसलेली असते तिथं रंग धरतो, बाकीची नळी पांढरी राहते. मग तिनं सगळ्या नळ्या मेणाच्या पाटीवर टाचण्या लावून ओळीनं मांडल्या. मला बोलावून दाखवल्या. पांढऱ्या चिठ्ठीच्या नळ्या स्वच्छ. लाल चिठ्ठीच्या नळ्यांवर गोवर उठावा तसे डाग, एकाला एक लागलेले. पिवळ्यांवर थोडे. हिरव्यांवर पिवळ्यांपेक्षा जास्त, पण लाल चिठ्ठीच्या निम्मेही नाहीत. पोरीचे डोळे भरून आले होते.

"बापाला सांग," मी म्हणालो.

"इतक्यात न्हाई, मामा. अजून सही व्हायची हाय."

परीक्षक म्हणाले काम चांगलं आहे. सरांची छाती फुगली. सगळे व्हरांड्यात गेले, चहा-बिस्किटं झाली. आणि ॲनिमल हाऊसच्या दाराशी दोन पोती उभी होती, सशांनी भरलेली, तोंडं सुतळीनं बांधलेली. उन्हाची वेळ. माशा यायला लागल्या.

सर व्हरांड्यातूनच म्हणाले, "मामा, तेवढी पोती."

आवाज गोडच होता. सगळे माझ्याकडं बघायला लागले. संस्थेचे गृहस्थही. मी हात पाठीमागं बांधले.

"जिवंताचं समदं केलं, सर. सकाळपासून बघून राहिले तुमी. ह्ये माझ्या कामात बसत न्हाई."

"मामा, पाहुण्यांसमोर—"

"पाहुण्यांसमोरच सांगतो. मी उचलणार न्हाई."

परीक्षकांनी कप बशीत ठेवला. सरांचे कान लाल झाले. ते शिपायाकडं बघायला लागले, तर शिपाई कपबशा गोळा करून आत निघून गेला.

तेव्हा पोरगी पुढं आली. हातातले मोजे तिनं काढलेही नव्हते. एका पोत्याचं तोंड धरलं.

"पोरी, ठेव ते खाली," मी म्हणालो.

"माझेच ससे हायत, मामा. मीच मारले. मी नेते."

"आपल्यातल्या माणसानं—"

"आपल्यातल्या माणसाला न्हाई म्हणता येतं तवा त्यानं म्हणावं," ती हळू बोलली, मलाच ऐकू येईल इतकं. "तुमी म्हटलं, चांगलं केलं. मी आज न्हाई म्हटलं तर माझी सही कोण देईल?"

मी सरांकडं बघितलं. विद्यार्थ्यांनी उचलायचं नाही हा नेम त्यांचाच. मागं एकदा एका व्यापाऱ्याच्या पोरानं उंदराच्या बादलीला नुसता हात लावला तर ह्याच सरांनी तो धुवायला लावला होता. उद्याचे शास्त्रज्ञ म्हणाले होते. आता ते तिला थांबवतील म्हणून मी वाट बघितली. ते आमच्याकडं पाठ करून परीक्षकांना काहीतरी सांगायला लागले.

पोतं तिला उचलवेना. तिनं दोन्ही हातांनी तोंड धरलं आणि मागं मागं जात ओढायला लागली. खड्डा मैदानाच्या त्या टोकाला. धुळीत रेघ उमटत गेली. एक पोतं नेलं, परत आली, दुसरं नेलं. दुसरं त्याच रेघेतून. व्हरांड्यात ऑफिसातलं कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "शेवटी घरचं काम घरातच राहिलं." आणि दोघं हसले. ते मला ऐकू येऊ नये असंही त्यांना वाटलं नव्हतं.

मी जागचा हललो नाही. हात पाठीमागंच होते. आज कुणी विचारलं तरी हेच सांगेन, मी ते पोतं उचललं नसतं. तिच्यासाठीही नाही. त्या दिवशी उचललं असतं तर बापाचा दोर चुलीतून काढून परत आढ्याला टांगल्यासारखं झालं असतं. पण रेघ मी बघितली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी तीच रेघ, आणि ओढणारी आमचीच, शिकलेली.

तिला पुढं पदवी मिळाली. पुण्याकडं कुठं कारखान्यात मोठ्या जागेवर आहे. सालीच्या त्या औषधाचं काय झालं, मी विचारलं नाही. दिवाळीत कधीमधी तिचा फोन येतो, आता जय मोठ्यानं घालते. त्या दिवसाचं तिनं कधी काढलं नाही, मीही नाही. तिचा बाप त्याच्या पुढच्या वर्षी गेला.

त्या दिवशी सगळे गेल्यावर सर माझ्या खोलीपर्यंत आले. दारात उभे राहून म्हणाले, "मामा, तुम्ही स्वतःच्या हातानं घालवलं. आता माझ्या हातात काही राहिलं नाही." मी म्हणालो, "व्हय सर." इतकंच. ते नळाकडं बघत उभे होते. त्यांच्याही डोक्यात खोली कुणाला द्यायची हेच चाललं असावं.

बायकोनं आतून सगळं ऐकलं होतं. भाकरी वाढताना तिनं विचारलं, "पोती पोरीनं नेली म्हणत्यात. खरं का?"

"खरं."

"अन् तुमी?"

"हुबा व्हतो."

"बराबर," ती म्हणाली. "सासऱ्यावाणीच."

मी ताट बाजूला सारलं नाही. जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला ॲनिमल हाऊस उघडलं. सशांचे पिंजरे रिकामे, पण उंदीर आणि गिनिपिग होते. त्यांचं दाणापाणी केलं, खालच्या पाट्या धुतल्या. मग मागच्या बाजूला खड्ड्याकडं गेलो. पोरीनं चुना घातला होता, पण माती थोडीच. कुत्र्यांनी उकरून एक ससा बाहेर ओढला होता. खड्ड्यापासून चार हातांवर पडला होता, कान मातीनं भरलेले. आजूबाजूला कुणी नव्हतं. कुणी सांगणारं नव्हतं आणि कुणी बघणारंही नव्हतं.

मी त्याला हात लावला नाही. घरून फावडं आणि घमेलं आणलं, कुंपणाजवळची माती खणली आणि तो पडला होता तिथंच त्याच्यावर घमेली ओतत राहिलो. खाली खड्डा काढायच्याऐवजी वर ढीग घातला. गुडघाभर झाला तेव्हा वर दगड रचले. मग मोठ्या खड्ड्यावरही माती ओढली, कुत्र्याचा पाय शिरणार नाही अशी चोपली. मातीचं काम मी जन्मभर केलं आहे, त्याला मी कधी नाही म्हटलेलं नाही.

परत येताना मैदानातली रेघ तशीच होती. मी ती पुसली नाही. मी तिच्यावरून चाललो नाही आणि तिला ओलांडूनही गेलो नाही. बाजूबाजूनं आलो. ज्याला दिसायची त्याला दिसावी.

ॲनिमल हाऊसची किल्ली शिपायाच्या स्टुलावर ठेवली. तो समोरून येत होता. किल्लीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मामा, चहा तरी—" म्हणाला. "आज तू पाज," मी म्हणालो, आणि थांबलो मात्र नाही.

घरी बायकोनं भांडी बांधायला काढली होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. नळाजवळ रिकामी घागर उपडी होती. मी ती सरळ केली, विसळली, नळाखाली लावली.

"तुमी काहून?" ती म्हणाली.

घागर भरेपर्यंत तिथंच बसलो.

"गावाकडं हापसा लांब हाय," ती म्हणाली. "पार शाळेपल्याड."

"ठाऊक हाय," मी म्हणालो. नळ बंद केला आणि घागर खांद्यावर घेतली.